ध्यानाची पेटी

भाच्यानं अमेरिकेहून ध्यानाची पेटी आणून दिली. डोळे मिटून तिच्यासमोर बसायचं. मिटल्या पापण्यांवर दिवा लुकलुकतो, आतून टकटक ऐकू येते आणि मन शांत होतं म्हणे. मी पंधरा दिवस बसलो. नुसता संताप व्हायचा. सोळाव्या दिवशी त्याच संतापात, ट्रान्सफॉर्मर न लावता, ती सरळ भिंतीच्या प्लगात खुपसली. पेटीतून धूर निघाला.

ती घेऊन मी वांबोरीहून राहुरीला गेलो. तिथं स्टँडासमोर गनीभाई रेडिओ दुरुस्त करतात.

"गुरुजी, एकशेदहाच्या मशिनला दोनशेतीस पाजलं व्हय तुमी?" ते हसले.

मला ते हसणं आवडलं नाही. "साडेचारची एसटी चुकवायची नाही मला," असं बजावून मी स्टुलावर बसलो.

त्यांनी पेटी उघडली. जळकी तार चिमट्यानं हळूच उचलली, डाग देताना श्वास धरला, फुंकर मारली, पुढची तार घेतली. कुठंच घाई नव्हती. मी बघत राहिलो.

"झालं. बसा, करून बघा ध्यान."

दिवा पुन्हा लुकलुकत होता. माझ्या हातात चहा कधी आला कोण जाणे, त्यावर जाड साय धरली होती. घड्याळात साडेपाच वाजले होते.

"माझी एसटी?"

"मघाशीच गेली की. तुमच्या म्होरूनच, हार्न वाजवत."

मी पेटीचा दिवा बंद केला आणि विचारलं, "उद्या कुणाचा रेडिओ उघडणार आहात?"