दंड बारीक, कंबर रुंद

आता थोरलीला सुईत दोरा ओवता येत नाही, डोळे साथ देत नाहीत. तरी दुपार झाली की ती शिवणाच्या मशीनपाशी जाऊन बसते आणि जुन्या दिवसांत हरवते.

दोघी बहिणी थोरलीच्या शिवणाच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायच्या. थोरलीचा नवरा लवकर गेला, धाकटीने लग्नच केलं नाही. थोरली बायकांचे कपडे शिवायची, धाकटी मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. अंगाने काडी, पायाला भिंगरी. घरात तिला लहानपणापासून सगळे 'खारू' म्हणायचे, कारण खारीसारखी ती एका जागी ठरायचीच नाही. शाळेतल्या मुलींनी तिचं नाव 'पळबाई' ठेवलं होतं. सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारून, घामाने निथळत ती दारात यायची आणि ओरडायची, "ताई, चहा टाक! जीव चाललाय!" त्या हाकेनेच थोरलीचा दिवस उजाडायचा.

शाळेच्या खेळांच्या दिवसासाठी थोरली तिला दरवर्षी पांढरा शर्ट आणि पँट शिवून द्यायची. माप घेताना धाकटी कधी धड उभी राहिली नाही. टेप लागला की गुदगुल्या होऊन वेडीवाकडी व्हायची.

"अगं, नीट उभी राहा! नाहीतर एक बाही गुडघ्यापर्यंत येईल."

"येऊ दे. पळताना घाम पुसायला बरी."

चाळिशी उलटली आणि कुठून काय झालं कळेना, धाकटी जाड व्हायला लागली. आधी चेहरा गोल झाला, गाल लाल दिसायला लागले. शेजारणी म्हणाल्या, "मानवलं हो खारूला!" थोरलीही हसली. मग पोट सुटलं. शर्टाची बटणं तटातट तुटायला लागली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली. "खाणं कमी करा, चाला," ते म्हणाले. धाकटीने जेवण निम्म्यावर आणलं. वजन तसूभरही हललं नाही.

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. वाऱ्यावर का कुणी फुगतं? ही नक्की चोरून खात असणार. तिने बिस्किटांचा डबा कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

संध्याकाळी धाकटीने ते पाहिलं.

"ताई, हे कुलूप माझ्यासाठी?"

"तुझ्याच भल्यासाठी, बाई."

 त्या दिवसापासून धाकटीने बहिणीसोबत जेवायला बसणं सोडलं. ताट घेऊन आतल्या खोलीत जायची. सकाळचं पळणंही थांबलं, कारण दोन पावलांत धाप लागायची. मुख्याध्यापिकांनी तिला मैदानावरून काढून ग्रंथालयात बसवलं. कशाचा जरा धक्का लागला तरी अंगावर काळंनिळं उठायचं. "वेंधळी झालीस," असं म्हणून थोरली मोकळी व्हायची.

अशी दोन वर्षं गेली. त्या वर्षी खेळांच्या दिवशी बक्षिसं द्यायचा मान शाळेने धाकटीलाच दिला. जुना एकही कपडा अंगात शिरेना. कितीतरी दिवसांनी ती टेपसमोर उभी राहिली. आणि या वेळी ती हलली नाही. गुदगुल्या नाहीत, हसणं नाही, खांबासारखी उभी.

कंबर भरली एकोणचाळीस इंच. वहीतल्या शेवटच्या मापात अठ्ठावीस होती. थोरलीने वहीत आकडा लिहिला. मग दंडाला टेप लावला आणि तिला वाटलं आपलंच चुकलं. पुन्हा लावला. दंड पूर्वीपेक्षा पाऊण इंचाने कमी भरला. मांडीही कमी. मानेच्या मागे मऊ उंचवटा आला होता, त्यावर कॉलर बसेना. शर्ट जरा वर सरकला तेव्हा पोटावर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे दिसले.

थोरलीच्या हाताखालून तीस वर्षं बायकांची शरीरं गेली होती. बाळंतपणानंतरची चरबी, पाळी गेल्यानंतरची चरबी, सुखातली आणि दुःखातली चरबी, सगळी तिला ठाऊक होती. पण पोट असं वाढावं आणि दंड आटावेत, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"खारू," ती हळूच म्हणाली, "तू खरंच चोरून काही खात नाहीस ना गं?"

"दोन वर्षं तेच सांगतेय, ताई."

दुसऱ्या दिवशी थोरलीने दुकानाला कुलूप लावलं, मापांची वही पिशवीत टाकली आणि धाकटीला घेऊन मोठं हॉस्पिटल गाठलं. तिथली डॉक्टरीण वयाने लहान होती, पण वही तिने पानोपान वाचली. मग धाकटीला म्हणाली, "हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा बरं." धाकटीने दोनदा प्रयत्न केला. जमलं नाही.

"प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते," डॉक्टरीण सांगू लागली. "तिच्यातलं एक हार्मोन आपल्याला रोज लागतंच. पण ते अति झालं, तर हातापायांचे स्नायू झिजतात आणि चरबी पोटावर, मानेवर, चेहऱ्यावर चढते. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मला तसा संशय आहे. तपासण्या झाल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

"म्हणजे हिच्या खाण्यामुळे नाही?"

"नाही. उपाशी ठेवलं असतंत तरी हे थांबलं नसतं."

थोरलीने मान खाली घातली ती वर केली नाही.

दिवसभराची लघवी साठवून तपासली, रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले. डावीकडच्या ग्रंथीत द्राक्षाएवढी गाठ निघाली. ऑपरेशन करून ती ग्रंथी काढली, गाठ साधी होती. घरी आल्यावर थोरलीने कपाट उघडलं, कुलूप काढून कचऱ्यात टाकलं आणि धाकटीच्या पायाशी बसली.

"मी तुला चोर ठरवलं गं."

"राग नव्हता, ताई. एवढंच वाटायचं, बाकीच्यांचं सोड, पण तू तरी विचारशील."

 थोरली धाकटीचे पाय चेपत राहिली.

बरं होणं सोपं नव्हतं. दुसरी ग्रंथी जणू झोपी गेली होती, ती जागी होईपर्यंत वर्षभर गोळ्या घ्याव्या लागल्या. सांधे दुखायचे, थकवा यायचा, कधी धाकटी उगाच रडायची. पण गाल उतरले, मानेवरचा उंचवटा विरला, दंडांत हळूहळू बळ आलं. दोघी पुन्हा एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवू लागल्या.

एका सकाळी धाकटी म्हणाली, "चल, मैदानावर." पळायचं तिला जमणार नव्हतं, पण एक फेरी चालायची होती. अर्ध्यावर तिचे पाय लटपटले, तेव्हा थोरली तिच्या बाजूला जाऊन चालू लागली. थोरलीने आयुष्यात मैदानावर पाऊल टाकलं नव्हतं. चप्पल वाळूत रुतत होती.

"ताई, तुला तर माझ्याहून जास्त धाप लागलीय!"

"गप. श्वास वाचव."

कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलींनी "पळबाई आल्या, पळबाई आल्या" असा गलका केला, आणि कित्येक महिन्यांनी धाकटी खळखळून हसली.

ते मैदान आता राहिलेलं नाही, तिथे उंच इमारती उभ्या आहेत. धाकटीही सत्तरीला आलीय, दुपारची आत पेपर वाचत पडलेली असते. थोरली मशीनपाशी बसून तिच्या पानं उलटण्याचा आवाज ऐकत राहते.