सफरचंद काही सडेना

घाबरू नका मित्रांनो! मी कवटी आहे खरी, पण कुणाच्याही डोक्यातली नाही. मी साच्यातून निघालेली, प्लॅस्टरची. वय विचाराल तर तुमच्या आजोबांच्या बरोबरीची असेन.

चित्रकलेच्या मास्तरांनी मला घरी आणलं. तिथेच भरणाऱ्या त्यांच्या वर्गात विझलेली मेणबत्ती, वाळूचं घड्याळ आणि मी अशी मांडणी असे. "आयुष्य थोडं असतं, हे या वस्तू सांगतात," असं मास्तर म्हणत. मुलं गंभीरपणे माना डोलवत आणि मास्तरांची पाठ वळली की माझ्या डोक्यावर टोपी चढवत. खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

पुढे मास्तर आजारी पडले, वर्ग बंद झाला आणि मी कपाटावर धूळ खात पडले. एके दिवशी त्यांनी मला उतरवून खिडकीपाशी मांडलं. शेजारी एक सफरचंद ठेवलं. ते सडत जाईल तसं त्यांना रंगवायचं होतं. हे आपलं शेवटचं चित्र, हे त्यांना ठाऊक होतं.

पण तीन आठवडे झाले तरी सफरचंद आपलं टवटवीतच! मास्तर चक्रावले. मला मात्र सगळं दिसत होतं. सालीवर जरा डाग पडला की सकाळी मास्तर उठायच्या आत काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, ते उचलायच्या आणि ताजं ठेवायच्या. माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत.

एका सकाळी मास्तर लवकर उठले आणि काकू सापडल्या.

"अगं, काय चालवलंयस हे? माझं चित्र अडलंय ना!"

"अडू दे. तुमच्यासमोर सडकं काही मी ठेवणार नाही." काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही कवटी आहे तेवढी पुरे झाली."

मास्तरांनी कॅनव्हासवर अंदाजाने काढलेला तपकिरी डाग फडक्याने पुसला आणि तिथे लालबुंद सफरचंद रंगवलं. संध्याकाळी चित्र पुरं झालं. मास्तरांनी ते सफरचंद कापून अर्धं काकूंना दिलं, आणि दोघं माझ्याशेजारी बसून खात राहिले.

दोन महिन्यांनी मास्तर गेले. ते चित्र भिंतीवर आहे आणि माझी धूळ आता काकू पुसतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण घरात कुणी आजारी असेल, तर आधी त्यांच्यापाशी बसा, फळ कापा, अर्धं तुम्ही खा. माझी धूळ नंतर पुसलीत तरी चालेल. मी प्लॅस्टरची आहे, मला घाई नाही.