लहानूचा मोक्ष

सत्याच्या शोधात निघालेल्या प्रत्येक महात्म्यामागे एक निष्ठावान अनुयायी उभा असतो. अनंत तर खरोखरच उभा होता, कारण मनीषनगरातल्या त्या गच्चीवरच्या खोलीत कूलरसमोर खुर्ची एकच मावायची आणि तिच्यात अनिश बसलेला असायचा.

अनिश महात्मा नव्हता. तो महात्म्यावर कादंबरी लिहीत होता. त्याने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून त्याचा नायक निरंजन रानोमाळ सत्य शोधत हिंडत होता आणि मागून घोंगडी उचलून लहानू नावाचा शिष्य चालत होता. कॉलेजपासूनचा दोस्त म्हणून अनंतकडे दोन कामं होती: रोज कूलरमध्ये बादलीने पाणी भरायचं आणि मग नवं प्रकरण ऐकून शंका काढायच्या. "मुक्ती मिळाल्यावर भूक लागते का बे?" असं आज अनंत विचारायचा. उद्या तेच लहानू विचारायचा, मागे 'गुरुदेव' लावून. मग निरंजन मंद हसायचा आणि दीड पान बोलायचा.

लहानू म्हणजे आपणच, हे कळल्यावर अनंतला राग आला नाही. घरी जाऊन तो बायकोला म्हणाला, "वैदेही, मी कादंबरीत आहो."

"कुठी?"

"निरंजनच्या मागे."

"म्हणजे नेहमीच्याच जागी," वैदेही म्हणाली.

पण माणसाला आशा लागते. लहानूलाही शेवटी मोक्ष मिळावा, निदान अर्ध्या पानात तरी, असं अनंतला फार वाटू लागलं. एक दिवस धीर करून त्याने शब्द टाकला.

अनिश मंद हसला. ही सवय त्याला नायकाकडून लागली होती. "लहानूले मोक्ष देला तं निरंजनचं सामान कोण उचलन गा?"

'मग तुझा कूलर तूच भर,' असं अनंत बोलला नाही. असं बोलणारी माणसं अनुयायी होत नाहीत. तो फक्त दुसऱ्या दिवसापासून गेला नाही.

अनिशचा फोन आला. "काहून नाही येऊन राहिला बे?"

"मीबी शोधात आहो."

"कशाच्या?"

हे अनंतने ठरवलं नव्हतं. त्याने फोन ठेवला आणि देवघरासमोर मांडी घालून डोळे मिटले. निरंजनला अशा वेळी आत प्रकाश दिसायचा. अनंतला कूलरची टाकी दिसली. रिकामी. वरून मे महिना.

"अवो, झालं असन तं गहू दळून आणा," वैदेही म्हणाली.

"मी ध्यान करून राहिलो."

"मग चक्कीवर करा. तिथं नंबर लागेपर्यंत काहीच काम नसते."

चक्कीच्या रांगेत त्याने हार मानली. आठवडा उलटायच्या आत तो पुन्हा गच्चीचा जिना चढला. अनिश डोक्यावर ओला पंचा घेऊन बसला होता. चेहऱ्यावर तेज होतं, किंवा ऊन लागलं होतं.

"झाली बे कादंबरी! तू नव्हता तं सपाट्यात झाली. मधात कोणी काही विचारेच ना. निरंजनले चटकन सत्य भेटलं."

अनंतने घाईघाईने शेवटची पानं चाळली. सत्य होतं, प्रकाश होता, मंद हसू होतं. घोंगडी मात्र निरंजनच्याच खांद्यावर होती.

"लहानू कुठी गेला?"

अनिशने मागे मागे पानं उलटली. बऱ्याच मागे, एका दुपारी, लहानू गुरुदेवांसाठी पाणी आणायला गेला होता. त्यापुढे त्याचं नाव नव्हतं.

"अरे हो," अनिश म्हणाला. "तो राहूनच गेला ना बे." थोडा वेळ त्याने पंचा पिळला. मग मंद हसला. "पण बरंच झालं न. समजदार वाचक म्हणन, त्याले तिथंच मोक्ष भेटला. पाणी आणता आणता."

"खरंच?"

"आता मी कायले नाही म्हणू?"

अनंतने कोपऱ्यातली बादली उचलली, अगदी सावकाश, त्या दुपारी लहानूने उचलली असेल तशी. गच्चीवरच्या नळाखाली ती ठेवली, डोळे मिटले आणि तोटी फिरवली.

त्या दिवशी मनीषनगरात नळ आलाच नव्हता.