बेचाळीस वर्षांचे कान

मी कानाचं मशीन बोलतोय. बोटाच्या पेराएवढा जीव, पण दोन घरांचं बरंच काही ऐकलंय मी.

माझ्या पहिल्या मालकीणबाई ऐंशी ओलांडलेल्या. वयानं कान गेले होते, एवढंच. घर मोठं, पडदे जाड, माणसं समोर बसून सावकाश बोलायची. सूनबाईंचं पुराण लांबलं की आजी हळूच मला बंद करायच्या आणि हसून मान डोलवत राहायच्या! त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या मुलानं मला दवाखान्यात देऊन टाकलं.

तिथं मी एका यंत्रमाग चालवणाऱ्या बाईच्या कानाला लागलो. वय बेचाळीस. आजींच्या कानासाठी माझा आवाज जेवढा ठेवला होता, त्याहून जास्त तिच्यासाठी वाढवावा लागला. डॉक्टर म्हणाले, "मागावरचं काम सोडा. आहे तेही जाईल."

"आणि चूल कशावर पेटवू?" ती म्हणाली.

घरी पोहोचताच लेक ओरडली, "आई, जेवायला चल!"

"अगं, भांडतेस का माझ्याशी?"

लेक गोंधळली. "मी रोज अशीच बोलते."

खरंच होतं ते. भिंतीपलीकडे माग खडखडत. अख्खी गल्लीच ओरडून बोलायची. हळू कसं बोलायचं, हे त्या पोरीला शिकावं लागलं. मग मात्र दोघी भांडी घासताना तासन्‌तास कुजबुजायच्या.

आईनं मनाचा हिय्या केला आणि मुकादमाकडे कापडाच्या घड्या घालायचं काम मागितलं. तो शेजारच्याला पुटपुटला, "या बहिरीचं काय करायचं?"

"ऐकलं हो, मुकादम."

तो वरमला. पण म्हणाला, "देतो. तुझ्या मागांवर कोण उभं राहणार? लेकीला धाड."

आईनं साफ नकार दिला. लेकीनं ऐकलं नाही. "तुझे उरलेले कान तरी वाचतील," म्हणाली आणि सोमवारी जाऊन उभी राहिली. कानात कापसाचे बोळे घालायची, पण हाक ऐकू येत नाही म्हणून मुकादम ते काढायला लावायचा. मालकाच्या कचेरीला तेवढी दुहेरी काच होती.

दोन वर्षं झाली. परवा भाजी निवडता निवडता आई हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"काय?" लेकीनं विचारलं.

आईनं पुन्हा सांगितलं.

"काय गं? मोठ्यानं बोल ना."

आईचे हात थांबले. तिनं मला काढलं आणि लेकीचे केस मागं सारून तिच्या कानाला लावून बघितलं.

"नको आई."

"थांब. बघू दे, बसतं का."

मी बसत नव्हतो. असं सैल राहिलं की आमच्यातून शिटी निघते, बारीक आणि टोकदार. ओरडण्यासाठी माझ्यापाशी तेवढंच आहे. त्या मागांना आधी कुणीतरी आवरा, मला नंतर शोधा, हेच मला सांगायचं होतं. मी जीव तोडून शिटी वाजवत राहिलो.

दोघींपैकी एकीलाही ती ऐकू आली नाही.