अंगण न ओलांडणारा आत्मा

टीव्हीवर बाटिकची जाड चादर, तिच्यावर फुलांची माळ आणि समोर चटयांवर अख्खी वाडी बसलेली. मांत्रिक गुमेलार डोळे मिटून, दोन्ही हात सारोंगच्या, म्हणजे कमरेच्या लुंगीच्या, घोळात घालून पुटपुटला, "सुरोतो, लेकरा, आलास का?" चादरीआडून पडदा उजळला. बायांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मेलेल्याचा जीव चाळीस दिवस घराभोवती राहतो, हे जावामध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. तो टीव्हीत शिरतो, हे मात्र गुमेलारनं शिकवलं. घरच्या नव्या टीव्हीचा रिमोट सुरोतोच्या दफनाच्या दिवसापासून हरवलेला. आणि असता तरी काय? समोरून शेंबडं पोर गेलं तरी रिमोट अडतो, हे वाडीनं जुन्या टीव्हीवर वर्षानुवर्षं पाहिलेलं. इथं तर चादर होती.

सुरोतोची आई, म्बाह म्हणजे आजी कारसिनेम, हीसुद्धा पहिल्या दिवशी हात जोडून बसली होती. "जेवलास का रे?" तिनं विचारलं होतं आणि पडदा उजळला म्हणजे 'जेवलो', असं गुमेलारनं सांगितल्यावर ती त्या रात्री पोटभर जेवली होती.

मग सुरोतोच्या बायकोनं, लास्त्रीनं, विचारलं की पोरीच्या क्षयाच्या गोळ्या बंद करू का. पडदा उजळला. गोळ्या फळीवर गेल्या, गुमेलारच्या मंतरलेल्या पाण्याची बाटली उशाशी आली. नात पुन्हा खोकू लागली.

म्हातारीच्या मनात कुसळ रुतलं. स्वतःच्या गोळ्या अर्धवट टाकून सुरोतो मेला होता. मरताना त्यानं बजावलं होतं, पोरीची एकही गोळी चुकवू नका. मेल्यावर माणसाची अक्कल गहाण पडते की काय?

ती बहिणीच्या लेकीकडे गेली. वुलान शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं समजावलं की जुना रिमोट न दिसणारा उजेड टाकतो, तो हातानंही अडतो. नवा रिमोट रेडिओलहरींवर चालतो. वायफाय ज्या पट्ट्यात, त्याच पट्ट्यात हाही. चादर, बांबूची भिंत, सारोंग, सगळं भेदून जातो. पण त्याची ताकद तोकडी, घराच्या आसपास संपते.

पण पाहुणा म्हणून आलेल्या गुमेलारला हात दाखव म्हणणं, म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणंच. म्हातारीनं दुसरी वाट धरली. दुसऱ्या दुपारी ती गोडीत म्हणाली, घरात दाटी होते, तुम्हा सगळ्यांना मानानं विहिरीपलीकडच्या मांडवात बसवू. टीव्ही जागेवरच राहू दे, त्याच्याजवळ लास्त्री थांबेल. यजमानीणबाईचा मान गुमेलारला मोडवेना.

मांडवातून त्यानं हाक मारली. दारातून लास्त्रीनं मान हलवली, काही नाही. पुन्हा हाक, पुन्हा नाही.

"कुणाच्या तरी मनात पाप आहे," गुमेलार घाम पुसत म्हणाला. "आत्मा रुसलाय."

"असेल बाबा," म्हातारी म्हणाली. "परलोकातून घरापर्यंत आला, आता अंगण ओलांडताना पाय दुखले असतील."

कुणीतरी फिसकन हसलं. पवित्र पाणी आणतो म्हणून गुमेलार उठला आणि हात सारोंगमध्येच ठेवून घराकडे निघाला. तो विहीर ओलांडतो न ओलांडतो, तोच लास्त्री ओरडली, "टीव्ही लागला."

म्हातारी त्याच्यासमोर उभी राहिली आणि हात पसरला. "द्या."

सारोंगमधून रिमोट निघाला. मागचं झाकण निसटायचं म्हणून सुरोतोनं लावलेली चिकटपट्टी अजून तशीच होती. म्हातारीनं तो पदराखाली धरून बटण दाबलं. पडदा विझला. परत दाबलं. उजळला.

"शाळा नाही पाहिली मी," ती म्हणाली, "तरी मलाही आत्मा आणता येतो."

लास्त्री उंबऱ्यावर बसली. "म्हणजे सासूबाई, ते बोललेच नाहीत?"

म्हातारीला पहिल्या दिवसाचं ते 'जेवलो' आठवलं. "नाही गं. तो गेला. आता पोरगी तरी राहू दे."

लास्त्री उठली नाही. म्हातारीनंच फळीवरचं पाकीट काढलं. गोळ्यांत पडलेल्या खंडाचं काय होईल ते डॉक्टरांना विचारायला वुलान नातीला घेऊन निघाली. नवरा दुसऱ्यांदा गमावल्यागत सून त्या संध्याकाळी सासूशी बोलली नाही, पुढचे कितीतरी दिवस बोलली नाही.

मेलेल्या माणसाची आठवण येणं हा काही अडाणीपणा नव्हे, बायांनो. पण त्या दुःखावर कुणी दुकान मांडलं तर एवढं तरी विचारा: हा चमत्कार किती लांब चालतो, आणि तेव्हा बाबांचे हात कुठे असतात? आणि लेकरांच्या गोळ्यांचं डॉक्टरला विचारा, मेलेल्याला नको.