घोड्याच्या कपाळावरचा अनुस्वार

सुताराने घोडा आणून दिला तेव्हा तो अगदी गरीब दिसत होता. कोऱ्या लाकडाचा, घासून गुळगुळीत केलेला, पायांखाली वाकवलेल्या दोन फळ्या, म्हणजे बसलं की डुलणारा. "आता फक्त रंग द्या," असं म्हणून सुतार निघून गेला. त्या 'फक्त'ने पुढे घराचं काय केलं, हे त्याला कधी कळलं नाही.

आजोबांचा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. तिथे त्यांना सगळे 'स्वल्पविराम' म्हणायचे. तपासताना स्वल्पविराम फार घालायचे म्हणून नव्हे. ते स्वतःच जिथे तिथे थांबायचे म्हणून. जिना उतरता उतरता थांबायचे, बोलता बोलता थांबायचे, घास हातात धरून थांबायचे. निवृत्त झाल्यावर छापखाना सुटला, थांबणं सुटलं नाही.

आता या माणसाला घोडा कशाला हवा होता? तर नातीसाठी. नात, म्हणजे छोटी, नुकतीच चालायला लागली होती. ती दर महिन्याला आईबापांबरोबर यायची आणि आजोबांचा चष्मा दिसला की भोकाड पसरायची. 'तिकडचे आजोबा', म्हणजे सुनेचे वडील, दारातूनच आरोळी ठोकायचे आणि ही त्यांच्या मानेवर चढून बसायची. तिने एकदा तरी आपण होऊन आपल्याकडे यावं, एवढीच आजोबांची इच्छा होती. पण असलं काही मोठ्याने म्हणायची त्यांना लाज वाटे. म्हणून त्यांनी घोडा करायला सांगितला होता.

अडचण एकच होती. छोटी जगाची ओळख जिभेने करून घेत असे. खिडकीचे गज, टीव्हीचा रिमोट, बापाचा बूट, सगळ्यांची चव तिला ठाऊक होती. म्हणजे रंग असा हवा की चाटला तरी चालेल, आणि चाटला तरी जाणार नाही.

रंगवाल्याच्या दुकानात आजोबांनी हा प्रश्न जसाच्या तसा मांडला.

"एकदम टिकाऊ," रंगवाला म्हणाला. "गेटला लावा, ऊन खाऊ दे, पाऊस खाऊ दे, काही होणार नाही."

"रंगाला होणार नाही. पण खाणाऱ्याला?"

"कोण खाणार गेट?"

"गेट नाही हो. घोडा."

"घोड्याला तर एकदम सेफ."

"आणि मुलीला?"

"एकदम."

"चाटला तर?"

"एकदम," असं सवयीने म्हणून रंगवाला दचकला. "म्हणजे... चाटायचा कशाला, काका? रंग बघायला असतो."

आजोबांनी खिशातून भिंग काढलं आणि डबा फिरवून फिरवून वाचायला घेतला. मागे गिऱ्हाइकं ताटकळली. खालच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्यांना हवं ते सापडलं.

"इथे छापलंय, 'लहान मुलांपासून दूर ठेवा'. आणि तुम्ही मला तो लहान मुलाच्या घोड्याला द्यायला सांगताय!"

"ते डब्याबद्दल आहे, काका."

"डबा काय दोष करतो? दोष आतल्याचाच असणार ना?"

रंगवाल्याने एकेक करून सगळे डबे पुढे केले. भिंतीचे, दाराचे, लोखंडाचे. सगळ्यांवर तेच. शेवटी वैतागून त्याने माळ्यावरून धुळीने माखलेले दोन डबे काढले, एक निळा रंग आणि एक वरून द्यायचा बिनरंगी लेप. दोन्ही पाण्यात मिसळणारे, शिसं नसलेले. मुलांपासून दूर ठेवायची सूचना त्यांच्यावरही होतीच, पण दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत आणखी काहीतरी होतं. ते वाचून आजोबांचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला.

निळ्या डब्यावर होतं, 'खेळण्यांसाठी सुरक्षित'. लेपाच्या डब्यावर होतं, 'खेळण्यासाठी सुरक्षित'.

"एकच आहे हो ते," रंगवाला म्हणाला.

"एकच कसं? मधे अनुस्वार आहे." आजोबांनी नखाने तो ठिपका खरवडून पाहिला. शिंतोडा नव्हता, छापलेलाच होता. "खेळण्यांसाठी, म्हणजे खेळणं जे असतं, त्याच्यासाठी सुरक्षित. घोड्याला अपाय नाही. मुलीबद्दल अवाक्षर नाही. आणि हे दुसरं, खेळण्यासाठी, म्हणजे खेळायला सुरक्षित. चाटायला नव्हे."

"काका," रंगवाला हात जोडून म्हणाला, "दोन्ही घेऊन जा. घरी वाचा."

घरी दोन्ही डबे टेबलावर समोरासमोर ठेवले गेले आणि आजोबा त्यांच्यामध्ये थांबले. घोडा कोपऱ्यात तसाच, कोरा.

"कुठे पेंड खातंय घोडं?" आजींनी विचारलं.

"अनुस्वारापाशी."

आजींनी कपाळाला हात लावला. लग्नानंतर दिवाणखान्याचा रंग ठरायला या माणसाला किती काळ लागला होता, ते त्या विसरल्या नव्हत्या. तो अजून पांढराच होता.

सुनेने फोनवरून समजावलं. "बाबा, पाण्यातला आहे, शिसं नाही, खेळण्यांसाठी म्हणून तपासलेला आहे. झालं की! पातळ हात द्या आणि नीट मुरू द्या. नुसता हाताला वाळून उपयोग नाही, आतून वाळायला हवा. मग चाटू दे खुशाल."

"हो, पण तपासलंय ते नेमकं कुणासाठी, हे स्पष्ट होत नाही."

"बाबा, डब्यावर कंपनीचा नंबर असेल. त्यांनाच विचारा ना," सून म्हणाली. तिच्या आवाजात आदर होता, पण तो पातळ होत चालला होता.

आजोबांनी विचारलं. बराच वेळ फोनवरचं संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज आला.

"नमस्कार सर, आपण काय रंगवणार आहात?"

"घोडा."

पलीकडे कळफलक खडखडला. मग, "सर, प्राण्यांना कृपया रंग लावू नका."

"लाकडी घोडा, बाई. मला एवढंच सांगा, तुमच्या डब्यावर अनुस्वार आहे तो मुद्दाम आहे की चुकून?"

"डब्यावर काय आहे, सर?"

"अनुस्वार."

"सॉरी सर, त्याबद्दल दिलगीर आहोत. बिल घेऊन गेलात तर डबा बदलून मिळेल."

आजोबांनी फोन खाली ठेवला. आजी पदराने डोळे पुसत होत्या, हसून हसून.

"अहो," त्या म्हणाल्या, "घोडा हे खेळणं आहे ना?"

"आहे."

"आणि छोटी त्याच्यावर खेळणार आहे ना?"

"इच्छा तर आहे."

"मग एक डबा घोड्यासाठी आणि एक तिच्यासाठी. लावा दोन्ही. की अजून कुठे काना-मात्रा अडलाय?"

या युक्तिवादात आजोबांना चूक सापडेना. त्यांनी पुष्कळ शोधली.

मग मात्र त्यांनी काम चोख केलं. खिडक्या उघडल्या, घोड्याखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरली (त्यांतल्या चुका वाचण्यात एक सकाळ गेली), पॉलिश पेपरने लाकूड पुन्हा घासलं, निळ्याचे पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळू दिला, वरून लेप दिला आणि घोडा मुरायला ठेवला. खिडकीत उभा राहून घोडा दिवसेंदिवस वाळला. नखाने ओरखडा उठेना, ओल्या फडक्याला निळं लागेना. छोटीची मंडळी येणार होती त्या रविवारपर्यंत घोडा पूर्ण तयार होता.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण शेवटचं मुद्रित छापायला जाताना ते पुन्हा एकदा पाहायचं, ही आजोबांची जन्माची खोड. पाहुण्यांचा आवाज जिन्यात येत असताना त्यांना घोड्याच्या कपाळावर, लेपाखाली, ब्रशचा एक केस दिसला. केस कसला, केसाचं टोक. त्यांनी ते घासून काढलं, आणि तेवढ्याच जागी निळ्याचा एक हात दिला.

"अहो, काय केलंत हे!" आजी ओरडल्या, आणि दार वाजलं.

आधी आत आली ती बॅटरीवर चालणारी मोटार. तिकडच्या आजोबांनी ती खांद्यावरून आणली होती. दिवे लागत होते, भोंगा वाजत होता, आणि न विचारता ती गाणंही म्हणत होती. छोटी तिच्यात बसली आणि तिने पहिल्यांदा भोंगाच चाटला.

"काय व्याहीबुवा, कशी आहे?" तिकडचे आजोबा गरजले.

"छान आहे. रंग कोणता आहे हिचा?"

"लाल!"

आजोबांनी मान डोलावली. रंगाबद्दल आपण इतके दिवस भलताच प्रश्न विचारत होतो की काय, असं त्यांना क्षणभर वाटलं.

मोटारीने दिवाणखान्यात फेऱ्या मारल्या, आजींच्या पायावरून गेली, सोफ्याला धडकली. घोड्याकडे कुणी पाहिलं नाही. आजोबा त्याच्याशेजारी उभे होते, हातात ओलं फडकं घेऊन, दोघेही सारखेच निमूट. मग मोटारीचं गाणं हळूहळू घोगरं झालं, रडवेलं झालं, आणि थांबलं.

"चार्ज करायची राहिली," तिकडचे आजोबा म्हणाले, आणि मोटार उलटी करून हलवू लागले.

छोटी उठली. इकडे तिकडे पाहिलं. निळं काहीतरी दिसलं. डुगडुगत ती सरळ घोड्याकडे आली, त्याच्या गळ्याला एका हाताने मिठी मारली आणि दुसऱ्या हाताचं बोट बरोबर कपाळावर टेकवलं. निळं, ओलं बोट. ते तिने कौतुकाने पाहिलं आणि तोंडाकडे नेलं.

सून किंचाळली. मुलगा उठता उठता टीपॉयला अडखळला. आजोबा मात्र थांबले नाहीत. छोटीचं मनगट त्यांनी वाटेतच पकडलं, फडक्याने बोट पुसलं, तिला काखोटीला मारून बेसिनपाशी नेलं आणि नळ सोडला. हे सगळं व्हायच्या आत चष्मा नाकावरून घसरून बेसिनात पडला होता. बिनचष्म्याच्या त्या चेहऱ्याकडे छोटीने पाहिलं. मग त्याला पाण्याने थोपटलं आणि खिदळली.

परत आल्यावर तिने घोड्याकडे हात केला. "बस! बस!"

"अजून ओला आहे गं," सून म्हणाली.

"फक्त कपाळ ओलं आहे," आजोबा म्हणाले. "बाकीचा खडखडीत आहे. कपाळाला हात लागता कामा नये, एवढंच."

त्यांनी तिला घोड्यावर बसवलं, स्वतः जमिनीवर मांडी घातली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. सुरक्षिततेसाठी. घोडा डुलू लागला. तिने वाकून घोड्याचा कान चाटला, चव घेतली, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुढे डुलत राहिली. मोटार कोपऱ्यात उलटी पडली होती.

"कपाळावर बोटाचा ठिपका उठलाय," आजी जवळ येऊन म्हणाल्या. "घासून पुन्हा हात देणार असाल आता."

"नको. राहू दे."

"चूक आहे ना ती?"

"मुद्दाम आहे."

तिकडचे आजोबा बॅटरी सोडून शेजारी येऊन बसले. "द्या, मी धरतो थोडा वेळ तिला. तुमचे हात दुखतील."

"नको नको. ते कपाळ वाळेपर्यंत हात सोडून चालणार नाही."

"मग किती वेळ लागतो हा रंग वाळायला?"

डबा खिडकीतच होता. 'हाताला वाळण्यास एक तास' असं त्यावर स्वच्छ छापलं होतं, आणि त्या ओळीत एकही चूक नव्हती.

"बराच," आजोबा म्हणाले.