झिऱ्यातली निळी कुसळं

मित्रांनो, हंड्याच्या तोंडावर ओलं होऊन बसणारं मी एक जुनं गाळणं आहे. गाळणं म्हणजे चार पदरी फडकं, दुसरं काही नाही. अंगावर फिकट हिरवी किनार अजून शिल्लक आहे, तेवढीच माझी ओळख.

माझा जन्म दगडाबाईंच्या सुती लुगड्यातून झाला. नेसून, धुऊन ते विरायला आलं, तेव्हा त्यांनी धड राहिलेला भाग फाडला, कडा दुमडून टाके घातले आणि मला हंड्यावर बांधलं. दगडाबाईंचं घर मेंढपाळाचं. चिकलठाण्याच्या पुढं, सुखना नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी त्यांची वस्ती. विहिरीचं पाणी माझ्यातून उतरायचं. गाळ, पानं, पाणकिडे माझ्या अंगावर राहायचे. पाहुणे तांब्या रिकामा करून म्हणायचे, "पाणी लई निवळ हाय बरं का, वहिनी." दगडाबाई हसायच्या. मला वाटायचं, हे कौतुक माझंच.

त्या घराची एक रीत होती. पाणी गाळून झालं की मला पिळायचं नाही. उलटं धरायचं, वरून पाणी ओतायचं आणि माझ्या अंगावरचे वळवळते जीव जिथले तिथं परत सोडायचे. "आपल्या तहानेपायी मुक्या जिवाचं घर मोडायचं नाय," दगडाबाई म्हणायच्या. मला ही रीत फार आवडायची. रोज कुणाला तरी घरी पोचवून आल्यासारखं वाटायचं.

मग शहर वाढत वाढत वस्तीला येऊन भिडलं. माळावर इमारती उभ्या राहिल्या. बोअर झाला, पाण्याचे जार आले. मी चुलीवरचं भांडं उतरवायला गेलं, तिथून खुंटीवर. कुणी माझ्याकडं पाहीना.

पण लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. बोअर फुसफुसून गप्प झाला. टँकर आज येतो म्हणायचा नि परवा यायचा. शेवटी दगडाबाईंच्या मुलानं, बिरूनं, ओढ्याच्या कोरड्या वाळूत झिरा खणला. झिरा म्हणजे साधा खड्डा. खालचं पाणी पाझरून त्यात हळूहळू साचतं. सून रत्नमालानं मला खुंटीवरून काढलं, उकळत्या पाण्यात घातलं, उन्हात वाळवलं. तिच्या काखेत रूपा होती. नुकती रांगायला लागलेली, वरचं पाणी नुकतंच प्यायला लागलेली.

"बघ बरं का गाळण्या," रत्नमाला पुटपुटली, "माझं लेकरू तुझ्या भरवशावर हाय."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

बिरू तेव्हा बांधकामावर जायचा. तिथं टाकून दिलेली निळी ताडपत्री त्यानं आणली आणि झिऱ्यावर ताणून बांधली. "आता ना मेंढरू तोंड घालंल, ना ऊन पाणी पिऊन टाकंल!"

"माझा बिरू म्हंजी इंजिनेरच हाय," दगडाबाई म्हणाल्या.

"इंजिनेरसाहेब, चुलीला सरपण तेवढं आणा आधी," रत्नमाला म्हणाली.

उन्हाळा तापला. हळूहळू माझ्या अंगावर काहीतरी नवं येऊ लागलं. बारीक, निळसर, मेंढीच्या लोकरीत अडकतात तसली कुसळं. ती वळवळत नव्हती. उन्हात सुकत नव्हती. पण रीत ती रीत. दगडाबाई किड्यांसोबत त्यांनाही झिऱ्यात सोडायच्या. दुसऱ्या दिवशी ती परत माझ्याकडं यायची, आणखी सोबती घेऊन. मला बोलता येत असतं, तर मी ओरडलं असतं.

एकदा मी झिऱ्याकाठी दगडावर पसरलेलं असताना रूपा रांगत माझ्याजवळ आली. तिनं चिमुकली बोटं माझ्या अंगावरून फिरवली आणि थेट तोंडात घातली. दुसऱ्याच क्षणी ती खोकायला लागली. डोळे मोठे झाले, चेहरा लाल झाला.

"आत्या! आत्या, पोरगी बघा!" रत्नमालानं धाव घेतली, तिला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. रूपानं ओकारी काढली, मग टाहो फोडला. तिच्या ओठावर एक निळं कुसळ चिकटलं होतं. रत्नमालानं ते बोटावर घेतलं आणि मान वर केली. वर ताडपत्री होती. उन्हानं करपून तिच्या कडेचे धागे सुटले होते आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीसरशी झिऱ्यात झडत होते.

"हे किडं नायती, आत्या. ही ताडपत्री हाय. आपुनच पाण्यावर बांधली, अन् रोज आपुनच परत पाण्यात सोडतोय."

दगडाबाईंनी ते कुसळ आपल्या तळहातावर घेतलं. "अगं माय… मी तर जीव म्हणून सोडीत होते गं."

ताडपत्री तेव्हाच निघाली. पण माझ्या अंगावरचं सगळं बाहेर फेकायला दगडाबाई तयार होईनात. "मंग त्यातले खरे जीव? त्यांनी काय करावं?"

रत्नमालानं थोडा विचार केला. परातीत पाणी घेऊन मला त्यात उलटं बुडवलं. किडे खाली पळाले. कुसळं वर तरंगली. तिनं ती बोटानं टिपून एका डब्यात भरली आणि खालचं पाणी झिऱ्यात सोडलं. सासूबाईंनी सुनेच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग आत जाऊन त्यांनी आपली जुनी घोंगडी आणली आणि बाभळीच्या फांद्यांवर झिऱ्यावर पसरली. "हिची लोकर झडली तरी मातीत कुजंल," त्या म्हणाल्या.

पुढं पाऊस आला, ओढा वाहिला. वाळूत राहिलेली कुसळं सुखनेला गेली असतील आणि सुखनेबरोबर गोदावरीला. तिथल्या मासोळ्यांना त्यांतला किडा कोणता आणि ताडपत्री कोणती, हे कोण सांगणार?

रूपा आता दुडूदुडू चालते. मी मात्र इतकं विरलंय, की माझ्यातून आरपार ऊन दिसतं. ती पेला तोंडाला लावते तेव्हा मी हंड्यावर बसून बघत राहतं. जे दिसतं ते मी धरलं. पण तीच कुसळं झिजून माझ्या विणीहून बारीक झाली असतील, तर? ती माझ्या अंगातून जातात आणि मला कळतही नाही.

म्हणून मित्रांनो, फाटकी ताडपत्री, पिशवी, गोणी ओढ्यात पडलेली दिसली, तर ती अख्खी आहे तोवरच उचला. तेव्हा ती तुमच्या हातात मावते. तिचा चुरा झाला, की ती माझ्यात थांबत नाही, आणि माझ्या खाली रूपाचा पेला असतो.